पुरुषोत्तमच्या बॅगेचं अस्तर

प्रणय, तो फोन ठेव आधी. मालदीवला चाललायस ना, मग हे ऐक. आणि हसू नका रे कुणी. श्राद्ध-पिंड न मानणारी माणसं आपण, भूतबित मीही मानत नाही. पण हे आपल्या हॅमिल्टनच्या सुगतच्या बाबतीत घडलंय. त्या रात्री त्याचा बाप, माझा मित्र पुरुषोत्तम, इथे ऑकलंडला याच घरात झोपायला होता.

गेल्या वर्षीचा जुलै, पहिला शुक्रवार. सगळे मालदीवला निघाले होते. सुगतची हॅमिल्टनच्या ते-रापा भागातल्या डेअरी फॅक्टरीत संध्याकाळची शिफ्ट होती, म्हणून त्याची बायको प्राची आणि पुरुषोत्तम आधीच माझ्याकडे आले होते. पुरुषोत्तमची बॅग तेवढी मागे राहिली होती. सुगतने ती गाडीत टाकायची आणि पहाटे इकडे यायला निघायचं, एवढंच काम.

साडेअकराला तो घरी पोचला. वैतागलेलाच होता. बापाला मालदीवचे नियम सांगून सांगून त्याच्या घशाला कोरड पडली होती. "बाबा, दारू न्यायची नाही. डुकराचं मांस नाही. पोहायचे टॉग्ज घालून गावात हिंडायचं नाही, खांदे झाकायचे. आणि पूजेची मूर्ती अजिबात नाही, बुद्धाचीसुद्धा. जप्त करतात, वर चौकशी." पुरुषोत्तमचा हट्ट एकच. शांतावहिनी, सुगतची आई, जाऊन वर्ष झालं होतं. तिला तो समुद्र बघायचा होता, तर निदान तिची रोजच्या वंदनेची पितळी मूर्ती तरी नेऊ. बापलेकांची चांगलीच जुंपली. शेवटी "नाही नेत, जा!" म्हणून म्हाताऱ्याने तोंड फिरवलं.

बॅगेची चेन लावलेली होती. सुगत दात घासून आला, तर बॅग उघडी. कपडे पलंगावर, नीट चळत लावून.

घरात तो एकटाच होता. दमलोय, आपणच उघडली असेल, म्हणत त्याने सगळं परत कोंबलं. चेन लावली. दिवा घालवला.

चेनचा आवाज आला... सावकाश.

दिवा लावला. बॅग उघडी. पुन्हा तीच चळत.

भीती वाटायच्या आधी त्याला राग आला. बॅगेचा, बापाचा, सगळ्याचाच. "सकाळी फ्लाइट आहे, झोपू दे ना!" तो ओरडला. कुणावर, त्यालाच ठाऊक नाही.

पुन्हा भरली. या वेळी बॅगेवरच बसून राहिला. डोळा लागला...

खाली काहीतरी हललं.

तो उडालाच. भिंतीला टेकला. वळून पाहिलं.

बॅग उघडी. रिकामी. पलंगावर चळत. आणि चळतीवर... पितळी मूर्ती.

मला फोन आला. एरवी जयभीम म्हटल्याशिवाय न बोलणारा पोरगा थेट म्हणाला, "यादवकाका, बाबांना उठवा."

मी उठवलं. स्पीकर लावला.

"शेवटी केलंत ना तुमच्याच मनाचं? तिकडे सापडली असती तर? या वयात कोठडीत बसला असतात!"

पुरुषोत्तमने फोन माझ्या हातातून घेतला.

"बोला ना, बाबा!"

"तुला मिळाली कशी?" पुरुषोत्तमचा आवाज चिरकला. "मी ती अस्तरात घालून शिवली होती रे. काळ्या दोऱ्याने. अस्तर फाडलंस?"

तिकडून बॅग चाचपल्याचा आवाज.

"बाबा... अस्तर शिवलेलंच आहे."

"मग?"

"दोरा लाल आहे."

पुढे मालेच्या विमानतळावर अधिकाऱ्याने तेच अस्तर बोटांनी दाबून पाहिलं आणि म्हाताऱ्याला सोडलं. पण ते नंतरचं. त्या पहाटे मूर्ती घरीच ठेवून सुगत बॅग घेऊन आला. ती बापापुढे ठेवली. पुरुषोत्तमने इथे, या सोफ्यावर बॅग उघडली. त्याचे टाके लांब, वेडेवाकडे. हे बारीक, एकाला एक लागून, शांतावहिनीच्या हातचे असायचे तसे. शेवटच्या टाक्याशी सुई तशीच खोचलेली होती.

पुरुषोत्तम तिला हात लावेना. मी लावला. सुईतून लोंबणारं दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं.

ओलं होतं. ओवताना ओठांत धरतात ना... तेवढंच.