टॉवेलची घडी

दुखणं थांबावं म्हणून माणूस कशाकशाला 'हो' म्हणतो, हे तुम्ही कधी पाहिलंय का?

गुडघा बदलून सुनेला घरी आणलं आणि सासूच्या खोलीत निजवलं. जिना न चढता जाता येईल अशी तेवढीच खोली होती. गुडघा सुजून भोपळ्यासारखा झालेला. नर्सने बजावलं होतं, "बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळूनच ठेवा. नुसती ठेवली तर कातडं जळतं. आणि झोप यायला लागली की आधी पिशवी काढा."

सुनेला हे नवीन नव्हतं. मागच्या वर्षी याच खाटेवर सासूचा असाच बदललेला गुडघा तीच सांभाळत होती. म्हातारी सारखी हाका मारायची. एका दुपारी सून वैतागली. टॉवेल काढून तिने नुसतीच पिशवी पट्ट्याने आवळली. "ओरडू नका. बधिर झालं की दुखत नाही," म्हणाली आणि दार ओढून घेतलं. कातडी काळी पडली, जखम चिघळली, म्हातारी गेली. नवरा मात्र चारचौघांत सांगायचा, "आईची सेवा करावी तर हिनेच!"

घरी आणलं त्या संध्याकाळी नवऱ्याने सुनेची पिशवी काढून फ्रीजरमध्ये ठेवली, टॉवेल तेवढा गुडघ्यावर राहू दिला. "औषधं घेऊन येतो, मग पुन्हा लावू. तोवर नाचू नकोस!"

"नाचायला पाय आहे कुठे? जा तुम्ही."

दार लागलं. खोलीत अंधारून आलं. गुडघ्यात कळा उठू लागल्या. दात आवळून ती पडून राहिली. तोच गुडघ्यावर गार काहीतरी टेकलं.

"आलात इतक्यात?" तिने डोळे मिटूनच विचारलं.

नुसता जुन्या मलमाचा वास आला. मग गुडघ्यावरचा टॉवेल हळूच सरकला.

"अहो... टॉवेल..."

पट्टा आवळला गेला. कानाशी कुणीतरी अगदी मायेने म्हणालं, "ओरडू नकोस... बधिर झालं की दुखत नाही."

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो हात झटकून टाकायला हवा होता. पण कळ थांबली होती, घरी आल्यापासून पहिल्यांदाच. तिचे ओठ हलले, "राहू द्या, आई... अजून थोडं..."

नवरा परतला तेव्हा तिला गाढ झोप लागली होती. बिचारीचा डोळा लागलाय, म्हणून त्याने उठवलं नाही.

सकाळी त्याने पांघरूण काढलं, तेव्हा गुडघा काळा पडून लाकडासारखा टणक झाला होता. पिशवी फ्रीजरमध्ये जिथल्या तिथे होती. उशाशी टॉवेल होता, त्याची आई घालायची तशी तिरकी घडी घातलेला.