हॉलमधला कमोड

"नीरजाताई, लवकर या! कमोड परत सरकला!"

समोरच्या फ्लॅटमधून सरोजची हाक आली तसा नीरजानं कपाळाला हात लावला. रोजचंच झालं होतं हे.

"जा जा, मी कढई घासतो," प्रभाकरराव म्हणाले. नुकतेच वॉकहून आले होते. डोंबिवलीच्या ऑक्टोबरात अंगावर घामाचा थेंब नाही, शर्टाची इस्त्री जशीच्या तशी. गेले काही दिवस नवरा चक्क शिऱ्याची कढई स्वतः घासायला घेत होता. नीरजाला मनातून बरं वाटायचं. बिचारे! शुगर असल्यामुळे शिरा तर खाता येत नाही, आणि परवाचा रिपोर्ट उगाचच चढलेला.

कमोड सरकला म्हणजे खरा नव्हे. खरा कधीच फुटून गोणीत गेला होता. विश्रामराव आणि सरोजनं संडास-बाथरूम एकत्र करायला घेतलेलं. आत नुसता खड्डा. म्हणून गुणाजी मिस्त्रीनं नव्या बाथरूमचा नकाशा हॉलच्या लाद्यांवर निळ्या चिकटपट्टीनं, खऱ्या मापात आखून दिला. "बसून बघा, उभं राहून बघा, आनि पक्कं करा. मग मी पाइप टाकतो."

घरच्यांनी ते फारच मनावर घेतलं. विश्रामराव पट्टीच्या कमोडवर प्लास्टिकचं स्टूल ठेवून पेपर वाचायचे. मुलगा साकेत टीव्हीसमोरच्या शॉवरखाली उभा राहून कोरडं डोकं चोळायचा. सून उर्वी नसलेलं दार उघडून ते कुणाला लागतंय का बघायची. एकदा एक कुरियरवाला हे बघून पार्सल न देताच पळाला. रात्री भांडून भांडून एक प्लॅन ठरायचा. सकाळी गुणाजी आला की प्लॅन भलताच!

आणि तोवर चौघंही आंघोळीला नीरजाकडे. गीझर रिकामा, पायपुसणं चिंब, जाळीत चौघांचे केस. नीरजाला स्वतःच्या बाथरूममध्ये शिरायला दुपार व्हायची. वर घरी आलेल्याला नुसता चहा कसा द्यायचा, म्हणून शिरा.

आज गुणाजी हाताची घडी घालून उभा होता. "मॅडम, दुपारपर्यंत फायनल नाय झालं तर मी चाललो माजिवड्याच्या कामाला. इथलं आता दिवाळीनंतर."

दिवाळीनंतर! म्हणजे अभ्यंगस्नानालाही हे चौघं आपल्याच बाथरूममध्ये. नीरजा पुढे झाली. विमा कंपनीत तिनं अख्खी नोकरी खोटे क्लेम पकडण्यात घालवली होती. जळालेल्या गोदामाची राख बघून, माल आदल्या दिवशी कुणी हलवला ते ती सांगायची. इथं तर साधी चिकटपट्टी होती.

"कुणी हलायचं नाही," ती म्हणाली.

"मी बसलोच आहे," विश्रामराव स्टुलावरून म्हणाले. "खरं सांगू वहिनी? आज गुडघे भिंतीला लागत नाहीत. काल लागत होते. परवा तर दार पोटात येत होतं."

"म्हणजे तुम्हीच सरकवला!" सरोज कडाडली.

"अगं, मला वाकून स्वतःचे मोजे घालता येत नाहीत!"

"सरोज, नकाशा जागेवर शेवटचा कधी पाहिलास?"

"सकाळी केर काढताना. बरोब्बर होता. मग दाराला कुलूप लावून आम्ही तुमच्याकडे. आलो तर हे!"

"मध्ये कोण परत आलं?"

"साकेत. दाढीचं सामान विसरलेला."

"आई, काहीही काय! मी आलेलो, पण किल्ली कुठे होती? तुझी तुझ्याजवळ, तू बाथरूममध्ये. काकूंच्या हुकावरची आपली स्पेअर बघितली, तर तीपण गायब. मग काकांचंच रेझर वापरलं."

"माझं?" प्रभाकरराव दारात येऊन उभे होते.

"उर्वी, तुला वॉशिंग मशीनला जागा हवी होती ना?"

"हो काकू. पण भांडून भांडून मी नाद सोडलेला. आता बघा ना, आज आपोआप झालीये जागा!"

गुणाजीनं मान डोलावली. "ज्यानं केलंय त्याला काम कळतंय. कमोड जुन्या पाइपाच्या लायनीत घेतलाय. निम्मी फोडाफोड वाचली."

नीरजा गुडघ्यावर बसली. पट्टीचे कोपरे ब्लेडनं तिरके कापून फोटोफ्रेमसारखे जुळवले होते.

"साकेत, तुम्ही पट्टी कशानं तोडता?"

"दातानं."

ती उठली. आपल्या घरी जाऊन हुकाकडे एक नजर टाकून परत आली. चेहरा पडला होता.

"चोर या घरातला नाही. माझ्या घरातला आहे."

प्रभाकरराव पंख्याकडे बघायला लागले.

"स्पेअर किल्ली माझ्या हुकावरून गेली आणि आता परत तिथंच आलीय. मी किचनमध्ये, तुम्ही चौघं बाथरूमच्या रांगेत. त्या वेळात बाहेर पडणारा माणूस एकच. वॉकला जातो आणि कोरडा ठणठणीत परत येतो. वागळे इस्टेटच्या कारखान्यात जन्मभर ड्रॉइंग बोर्डवर वाकलेला. असे कोपरे दुसरं कोण कापणार?"

"पण का?" सरोज किंचाळली. "भावजी, आमच्याशी तुमचं काय वाकडं होतं?"

"काही नाही. प्लॅन बिघडला की काम थांबतं. काम थांबलं की तुम्ही आमच्याकडे. तुम्ही आलात की शिरा. आणि तुम्ही गेलात की..." नीरजानं नवऱ्याकडे पाहिलं. "कढई. मी समजत होते, घासताय. चाटूनपुसून साफ करत होतात!"

"कडेला खरपूस चिकटलेला असतो गं," प्रभाकरराव पुटपुटले.

"पण नीरजाताई, बिघडवायचा होता तर मशीनला जागा कशाला केली?"

"तिथंच तर सापडले! नासधूस करणारा रोज जास्त नासवतो. हा रोज सुधारत होता. परवा दार पोटात, काल गुडघे भिंतीला, आज सगळं जागच्या जागी."

"पहिल्या दिवशी मुद्दाम घाण केलं," प्रभाकरराव कळवळून म्हणाले. "रात्रभर झोप नाही. माझ्या हातून असलं ड्रॉइंग? मग थोडं नीट केलं. मग राहवेचना."

चौघांनी नकाशाकडे पाहिलं. मग एकमेकांकडे.

"मला हाच पाहिजे," विश्रामराव स्टूल घट्ट धरून म्हणाले. सरोज हो म्हणाली. साकेत, उर्वी हो म्हणाले. या घरात एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. गुणाजीनं लगेच छिन्नी उचलली, कुणाचं मन बदलायच्या आत.

"म्हणजे उद्यापासून..." प्रभाकररावांनी विचारलं.

"बिनसाखरेचा चहा," नीरजा म्हणाली. "आणि कढई मी घासणार."

पहिला घाव बसला. धुळीतून गुणाजीनं मान वर केली.

"काका, माजिवड्याला येता का माझ्यासंगं? तिथंबी एका घरात प्लॅनवरून नुसती मारामारी चाललीय."

प्रभाकररावांनी बायकोकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

"त्यांच्याकडे नाश्त्याला काय असतं?"