खिळ्यावरचा नान

ही घटना खरी आहे. माझ्या सख्ख्या नणंदेच्या बाबतीत घडलेली.

मी बिश्केकमध्ये शाळेत गणित शिकवते. भुताखेतांच्या नावानं घाबरणाऱ्यांतली मी नाही. या नणंदेनं, जिबेक एजेंनी (एजे म्हणजे ताई), काल संध्याकाळी हे सगळं सांगितलं, तेव्हा मी मध्येच हसलेसुद्धा.

आज हसू येत नाहीये.

आधी माझ्या मनातलं सांगते. ही बाई माझ्या लग्नाला आली नव्हती. एकुलत्या एका भावाचं लग्न, नारीनहून बिश्केकला यायचं म्हणजे मध्ये एक दोलोन घाट. सगळं गाव आलं, सख्खी बहीण नाही. "पाय दुखतो," म्हणे. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. मी पसंत नसेन, दुसरं काय? चार वर्षं मी तो राग धरून बसले होते.

खरं कारण काल कळलं.

गोष्ट घडली तेव्हा त्या नारीनच्या छोट्याशा कॉलेजात शिकत होत्या. म्हणून गोष्टीपुरतं मी त्यांना नुसतं जिबेकच म्हणते.

ऑक्टोबर संपत आला होता. शनिवार होता. वसतिगृहाच्या मागच्या बाजूला, तळमजल्यावर, कॉलेजच्या मंडळांच्या खोल्या होत्या. नाचाचं मंडळ, वादविवादाचं मंडळ, कोमुझ वाजवणाऱ्यांचं मंडळ. खोल्या कमी आणि मंडळं फार, त्यामुळे रोज तू तू मैं मैं. जिबेक डोंगर-मंडळाची प्रमुख. तिची खोली कोपऱ्यातली, खिडकीला गज असलेली. त्या खोलीवर विनोदी नाटुकल्या करणाऱ्या मंडळाचा डोळा होता. त्यांचा प्रमुख तिलेक. तोंडाचा फटकळ, गावभर ओळख.

त्या दिवशी डोंगर-मंडळ वरच्या कुरणांकडे निघालं होतं. एक रात्र राहून रविवारी परत. जिबेकचा घोटा मुरगळलेला, म्हणून तिच्याऐवजी सगळ्यांना घेऊन निघाला तिचा धाकटा भाऊ कुबात. तोच आता माझा नवरा.

आम्हा किर्गिझांकडे मुलगा लांब निघाला की आई त्याच्यापुढे नान धरते. तो एक घास चावतो. उरलेला नान फडक्यात बांधून घरात टांगून ठेवायचा, परत आला की त्यानंच तो संपवायचा. दुसऱ्या कुणी खायचा नाही. दुसऱ्यानं खाल्ला, तर गेलेला माणूस घरी येत नाही. डोंगर-मंडळातही तेच चालायचं. म्होरक्यानं सगळ्यांच्या वतीनं चावायचं, आणि नान खोलीतल्या खिळ्यावर.

"मोठा घास घे," जिबेक म्हणाली.

"एजे, हा नान आहे की गाडीचं चाक? दात पडेल माझा."

"पडायला आहे कुठे? अर्धा तर आधीच तुटलाय."

कुबातचा पुढचा दात खरंच तुटका आहे. नानवर त्याचा घास उमटला की मधोमध एक बारीक उंचवटा राहतो. अजूनही राहतो.

दारात तिलेक उभा होता. "जा बाबांनो, जा. तुम्ही परत येईपर्यंत आम्ही इथे तालीम करतो."

"पाय ठेवून बघ," जिबेक म्हणाली.

सगळे गेले. जिबेकनं नान फडक्यात बांधला, खिळ्याला टांगला, कुलूप लावलं आणि चहा प्यायला गेली.

परत आली तेव्हा कुलूप जसंच्या तसं होतं.

आत मात्र...

फडकं टेबलावर होतं. नीट चौघडी घातलेलं. कोपऱ्याला कोपरा जुळवून.

त्यावर नान ठेवलेला. आणि कुबातच्या घासाच्या बरोबर समोरच्या बाजूनं एक तुकडा गायब.

जिबेकच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. खोलीची दुसरी किल्ली कुणाकडे होती? तिलेककडे! उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या पोरांनी खोलीला रंग दिला होता, तेव्हापासून ती त्याच्याचकडे.

ती लंगडत थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तू नान खाल्लास?"

"कसला नान?"

"सोंग करू नकोस. माझ्या भावाचा नान आहे तो. खोली हवी तर माग, भांड. पण असले खेळ?"

तिलेकचा चेहरा उतरला. "जिबेक, मी थट्टा करतो, मान्य. पण कुणाच्या वाटेवरचा नान खाईन? मलाही आई आहे." त्यानं खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. "ही घे. आता तरी झालं समाधान?"

नाही झालं. तिला वाटलं, हा इतक्या सहज किल्ली देतोय, म्हणजे तिसरी करून घेतली असणार.

तिनं नान पुन्हा बांधला, टांगला, कुलूप लावलं. मग दारासमोरच्या बाकावर पाय वर घेऊन बसली. चोर येईल तर समोरूनच.

कुणी आलं नाही.

आली ती नाचाच्या मंडळातली एक मुलगी. "वर बर्फ सुरू झालंय म्हणे. तुझा भाऊ गेलाय ना?"

जिबेकनं कुबातला फोन लावला. लागला नाही. वर डोंगरात फोन लागत नाहीच, हे तिला ठाऊक होतं. तरी ती लावत राहिली.

तेवढ्यात...

बंद दाराआडून आवाज आला.

कर्र... कर्र...

वाळका नान दातांनी तोडताना येतो तसा.

"कोण आहे आत?"

आवाज थांबला.

तिनं कुलूप काढलं, दार ढकललं. खोलीत कुणी नव्हतं. खिडकीचे गज शाबूत. टेबलावर चौघडी घातलेलं फडकं... आणि नान अर्ध्यावर आलेला.

आता मात्र तिनं तिलेकला हाका मारल्या. तो धावत आला, नान पाहिला.

"उंदीर असेल."

"उंदीर फडक्याची घडी घालतो?"

तिलेकनं घडी उलटून पाहिली. "मग वर तुझ्या खोलीत घेऊन जा ना."

"परत येईपर्यंत जागेवरून हलवायचा नसतो. गेलेल्याला वाट सापडत नाही."

"बरं. मग मीही बसतो इथे. म्हणजे तुझा माझ्यावरचा संशय तरी फिटेल."

दोघं आत बसले. नान बांधून पुन्हा खिळ्याला. दार आतून लावलेलं. बाहेर अंधारून आलं होतं. दिवा लावायलाही कुणी उठेना.

बराच वेळ काहीच नाही.

मग फडक्याचं गाठोडं हळूच हललं. वारा नव्हता.

कर्र...

आवाज गाठोड्याच्या आतून येत होता.

कर्र... कर्र...

दोघांच्या डोळ्यांदेखत गाठोडं बारीक होत चाललं होतं.

तिलेकनं जिबेकचा हात धरला. मग तिच्या लक्षात आलं, की तो गाठोड्याकडे बघतच नाहीये. तो समोरच्या कोपऱ्यात बघतोय.

त्या कोपऱ्यात एक जुना खिळा होता. त्याच्याखाली उरमातचा फोटो.

उरमात म्हणजे फार पूर्वी मंडळाचा प्रमुख असलेला मुलगा. असाच नान चावून वर गेला आणि परत आला नाही. शोधणाऱ्यांना काहीच सापडलं नाही. त्याची आई कॉलेजात आली होती. तिनं त्या नानवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, "काढू नका. येईल तेव्हा खाईल."

तेव्हापासून तो नान तिथेच होता. दगडासारखा झालेला. डोंगर-मंडळात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला हे सांगितलं जायचं.

सुट्टीनंतर जिबेक परतली, तेव्हा तो खिळा रिकामा होता. रंगकामात कुणी कपाटात ठेवला असेल, असं तिनं धरून चाललं होतं.

"तिलेक," ती म्हणाली, "तिथला नान कुठे आहे?"

"मला कुणी सांगितलं नव्हतं गं."

"कुठे आहे?"

"मी टाकला नाही! नान टाकण्याइतका मी वाया गेलेला नाही. भिजवला, कुस्करला आणि कबुतरांना घातला. माझी आजी तसंच करायची. मला वाटलं, कुणीतरी विसरलेला नान आहे."

कर्र...

म्हणजे तो आला होता. इतक्या वर्षांनी का होईना, आला होता. आणि खिळ्यावर त्याचा नान नव्हता. खोलीत होता तो एकच... कुबातचा.

जिबेकनं गाठोडं सोडलं. आत हाताच्या पंजाएवढा तुकडा उरला होता. त्यावर घासाची खूण, मधोमध बारीक उंचवटा. त्या खुणेच्या अगदी कडेपर्यंत दुसऱ्या कुणाचे तरी दात आले होते. सरळ, अखंड दात.

"खानावळीतून नान आण," ती म्हणाली. "आत्ता. पळ!"

तिलेकनं गरम नान आणला. जिबेकनं कुबातचा तुकडा तसाच बांधून त्याच्या जागी टांगला. मग तिनं नव्या नानचा एक घास चावला, तो दुसऱ्या फडक्यात बांधला आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या खिळ्याला अडकवला.

"उरमात बाइके," ती थोरल्या भावाला म्हणावं तसं फोटोकडे बघून म्हणाली, "तुमचा नान आमच्या हातून गेला. चूक आमची. त्याबदल्यात माझा घ्या. पोराचा सोडा."

"जिबेक, वेडी झालीस का?" तिलेक ओरडला. "तू चावलास तो! तो त्यानं खाल्ला तर तुझं काय?"

"मी कुठे चाललेय? जो जातो, त्याला यायची चिंता. मी कुठेच जाणार नाही."

दोघं बाहेर आले. दार लावताना आवाज पुन्हा सुरू झाला.

या खेपेला कोपऱ्यातून.

रविवारी दुपारी कुबात आणि बाकीची मुलं परत आली. थंडीनं निळी पडलेली, पण धड. जिबेकनं त्याला आधी खोलीत नेलं आणि तो तुकडा त्याच्या हातात दिला. त्यानं तो उभ्या उभ्या खाल्ला. "एजे, नानच्या जागी पापडी ठेवलीस का? बाकीचा कुणी खाल्ला?"

ती कोपऱ्याकडे बघत होती. कोपऱ्यातल्या खिळ्याखाली फडक्याची घडी पडलेली होती. आत काहीच नव्हतं.

कुबात त्या दिवसाबद्दल एकच सांगतो. बर्फात वाट हरवली होती. पुढे एक माणूस चालताना दिसत होता, यांना वाटलं मेंढपाळ असेल, म्हणून सगळे त्याच्या मागोमाग निघाले. अंधार पडता पडता तो माणूस एकदम थांबला, मान वळवून बघितलं... आणि नव्हताच. हे चार पावलं पुढे गेले तर समोर कडा.

बहिणीनं काय केलं, हे त्याला आजही माहीत नाही. तिनं कालपर्यंत कुणालाच सांगितलं नाही.

पण शब्द पाळला. ती नारीन सोडून कुठेच गेली नाही. बिश्केकची नोकरी आली, नाकारली. स्थळं बाहेरगावची आली, नाकारली. आणि माझं लग्न.

मी चार वर्षं नावं ठेवत होते त्या बाईला.

मागच्या आठवड्यात आमच्या बाळाला पाळण्यात घालायचा कार्यक्रम होता. जिबेक एजे आल्या! दारात त्यांना बघून कुबात लहान पोरासारखा रडला. काल संध्याकाळी बाळाला मांडीवर घेऊन त्यांनी मला हे सगळं सांगितलं. मी हसले, तर त्याही हसल्या.

"मग आता कशा आलात?" मी विचारलं.

"याचं तोंड बघायचं होतं. किती दिवस भिऊन राहायचं?" मग म्हणाल्या, "निघताना अपानं नान पुढे केला. आईला नाही कसं म्हणायचं? चावला. आता तो तिकडे स्वयंपाकघरात टांगलाय."

आज सकाळी त्या शेअर टॅक्सीनं परत निघाल्या.

दुपारी सासूबाईंचा फोन आला.

"सूनबाई, जिबेक निघाली का गं?"

"सकाळीच निघाल्या, अपा. पोचतील आता."

"बरं... अगं, मी शेजारी गेले होते, कुलूप लावून. येऊन बघते तर तिचा नान खिळ्यावर नाही. उंदरांनी नेला म्हणावं, तर फडकं..."

"फडक्याचं काय, अपा?"

"टेबलावर आहे. कुणीतरी छान चौघडी घातलीय."

मी लावतेच आहे, पण एजेंचा फोन लागत नाहीये. दोलोनवर बर्फ सुरू झालंय, असं टॅक्सीवाले सांगतात.

कुबातला मी एवढंच सांगितलं की फोन लागत नाही. तो लगेच गाडी काढून निघाला. दाराशी थांबला, सवयीनं हात पुढे केला. "दे ना नान. घास घेतो आणि निघतो."

टेबलावर सकाळचा नान होता.

मी तो ओढणीखाली लपवला आणि म्हणाले, "संपला."