दोन कॅमेरे, एक लाल डाग

तो रविवार अगदी साधा होता. अंगणात दोरीवर कपडे वाळत होते, चहा निवतोय म्हणून आई आतून तिसऱ्यांदा ओरडली होती, आणि बाबा फरशीवर खडूने फुली मारत होते.

"इथेच उभं राहून काढायचा. बोटभरसुद्धा पुढेमागे नाही."

"अरे, फोटो काढायचाय की विहीर खणायचीय?" औषधवाले काका म्हणाले. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान त्यांचं. बाबांशी त्यांची दोस्ती शाळेपासूनची, आणि भांडणही तितकंच जुनं.

स्टुलावर दोन छोटे कॅमेरे होते. दोन्ही खिशात मावतील असे, दोन्ही काळे. एक बाबांचा, एक काकांचा. आत चित्र टिपणारा जो तुकडा असतो, तो सेन्सर, बाबांच्या कॅमेऱ्यात करंगळीच्या नखाएवढा होता आणि काकांच्या कॅमेऱ्यात टपालाच्या तिकिटाएवढा. एवढ्याशा फरकाने फोटोत किती फरक पडतो, हे दोघांना फोटो-क्लबाला दाखवायचं होतं. बाबांनी दोन्हींच्या नावांवर काळी पट्टी चिकटवली होती. फोटोंनाही नावं नाहीत, नुसते आकडे द्यायचे होते.

"नाव दिसलं की डोळा फितूर होतो," ते म्हणाले. "आता नियम ऐका. आपण दोघांनीही दोन्ही कॅमेऱ्यांनी एकेक फोटो काढायचा. धाकटी पुढे खुर्चीत. एक जण काढेल तेव्हा दुसऱ्याने मागे फाटकापाशी सरळ, समोर बघत उभं राहायचं. म्हणजे मागचा माणूस कुठला कॅमेरा किती दाखवतो, ते कळेल."

"मीच का?" धाकटीने मांडीवरच्या पेपरांतून मान वर न करता विचारलं. ती शाळेत शिकवायची आणि रविवारी पेपर तपासायची.

"तू हलत नाहीस म्हणून. तुझी आई नुसता श्वास घेते तरी फोटो हलतो."

"ऐकू येतंय मला!" आतून आवाज आला.

धाकटी हसली. ते हसू तसंच धरून ठेवत ती बसून राहिली. बाबा आणि निळ्या सदऱ्यातले काका आळीपाळीने फुलीवर आणि फाटकापाशी जात राहिले. बाबांच्या अंगात आईने विणलेला लाल स्वेटर होता, एक बाही लांब झालेला. "बाबा, आटपा ना," ती मधूनमधून म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघताना बाबा बूट घालायला बसले, ते उठलेच नाहीत.

*

महिन्याभराने धाकटी भिंगताईंच्या खोलीत आली. भिंगताई खासगी तपासाची कामं घेत. खालच्या लाँड्रीतून इस्त्रीचा वास येई, आणि वर त्यांचे यजमान, निवृत्त पोस्टमास्तर, आलेल्याला खुर्ची देत आणि मग स्वतः कुठे बसावं या विचारात पडत.

"माझा फोटो चोरीला गेलाय," धाकटी म्हणाली. "आणि त्या जागी माझाच फोटो लावलाय."

मास्तर बराच वेळ विचार करून म्हणाले, "मग तक्रार नक्की कशाची?"

"अहो, तिला बोलू द्या."

धाकटीने सांगितलं. क्लबाचं प्रदर्शन भरलं होतं. बाबांच्या नावाने एकच फोटो लावला होता, त्या रविवारचा. पहिलं बक्षीस त्यालाच, असं जो तो म्हणत होता. काल दुपारी ती पुन्हा गेली, तर चौकटीत दुसराच फोटो. तीच खुर्ची, तेच हसू.

तिने मोबाइलवर दोन्ही दाखवले. पहिल्यात तिचा चेहरा उजळ, आणि मागचं सगळं जग लोण्यासारखं वितळलेलं. त्यात एक लाल डाग. दुसऱ्यात चेहरा तसाच, पण मागचा सगळा पसारा स्पष्ट. दोरीवरचे कपडे, बादली, स्वयंपाकघराच्या खिडकीत कपबशी धरलेला आईचा हात, आणि फाटकापाशी जांभई देणारे औषधवाले काका.

"हा लाल डाग कसला?" भिंगताईंनी विचारलं.

"टपालपेटी," मास्तर ताबडतोब म्हणाले. "अख्खी नोकरी तिच्यासमोर गेली माझी. लांबूनही ओळखतो."

"कोणाच्या अंगणात टपालपेटी असते हो?"

"सोय म्हणून ठेवली असेल."

धाकटीला हसू आलं. महिन्याभरात पहिल्यांदाच, आणि तिचं तिलाच ते नवल वाटलं.

"कोणीतरी मुद्दाम साधा फोटो लावलाय, बाबांना बक्षीस मिळू नये म्हणून," ती म्हणाली. "बक्षीस गेलं खड्ड्यात. पण त्यांनी मला शेवटचं कसं पाहिलं, ते त्या फोटोत होतं. तेवढं मला परत आणून द्या."

"घरी त्या दिवसाचे आणखी फोटो आहेत?"

"मी बघितले नाहीत. बाबांचा फोटो इतक्यात मला दाखवू नका, असं सगळ्यांना सांगून ठेवलंय. बघवणार नाही."

भिंगताईंनी मान हलवली आणि चप्पल शोधायला लागल्या.

*

क्लबाच्या हॉलमध्ये चौकटवाला स्टुलावर चढून दिवे नीट करत होता. सगळ्यांच्या फोटोंना तोच चौकटी करून देई.

बाबांच्या चौकटीत फोटोच्या डाव्या-उजव्या बाजूला पांढऱ्या पट्ट्या दिसत होत्या. चौकट लांबट होती, नवा फोटो त्या मानाने आखूड. भिंगताईंनी ती उतरवून उलटी केली. मागचा पुठ्ठा पातळ पांढऱ्या कागदी पट्टीने चिकटवला होता.

"छान पट्टी आहे," मास्तर ती बोटाने चाचपत म्हणाले. "मऊ. पार्सलाला मात्र टिकणार नाही."

"हे काम तुमचं?" भिंगताईंनी विचारलं.

चौकटवाला स्टुलावरून जवळजवळ पडला. "माझं? बाई, शिवी द्या, पण असं बोलू नका! मी खिळे ठोकतो. आणि या पट्ट्या मी दिसू दिल्या असत्या? वरून-खालून दोन बोटं कापून फोटो चपखल बसवला असता."

"फोटो कापता तुम्ही?"

"कापायचो. मागच्या वर्षी हिच्या बाबांच्या फोटोतलं जरासं आभाळ कापलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. म्हणाले, आभाळ तुझ्या बापाचं आहे का?"

"स्पर्धेत तुमचाही फोटो आहे?"

"आहे की. बदकांचा."

बाहेर पडताना मास्तर कुजबुजले, "हाच तो. बदकांच्या मागे लपलाय."

"मग कात्री घरी विसरून आला होता का? चला."

*

दादा, म्हणजे धाकटीचा थोरला भाऊ, टायरच्या दुकानात गिऱ्हाइकाला बिल देत होता. बहिणीला पाहून त्याचा चेहरा पडला.

"कॅमेरा विकायचं म्हटलं, म्हणून ही माझ्यावर संशय घेतेय ना?"

"घेतला तर चुकलं काय?" धाकटी म्हणाली. "महिनासुद्धा झाला नव्हता, आणि निघाला विकायला."

"अगं, तो समोर दिसला की मला जेवण जात नाही, म्हणून म्हटलं!"

भिंगताईंनी हळूच विचारलं, "प्रदर्शनासाठी फोटो निवडला कोणी?"

"मीच. काकांनी त्या रविवारचे फोटो क्लबाच्या कॉम्प्युटरवर घातले होते. नावं नव्हती, नुसते आकडे. त्यातला सगळ्यात झकास होता तो दिला. झकास म्हणजे बाबांचाच असणार!"

"किती फोटो होते?"

"तीन. एक तो, एक हा पसाऱ्याचा, आणि एकात हिने नेमकी मान फिरवलेली."

"तीनच? नक्की?"

"टायर मोजतो मी रोज, ताई. तीनापर्यंत येतं मला."

*

औषधाच्या दुकानात काका एका माणसाच्या अंगठ्यावर कापूस ठेवून पांढरी कागदी पट्टी गुंडाळत होते. धाकटीला बघून त्यांनी पट्टी जरा जास्तच गुंडाळली.

"काका, पुरे, कोपरापर्यंत आलात," तो माणूस म्हणाला.

तो गेल्यावर भिंगताईंनी तसलीच एक पट्टी विकत घेतली आणि विचारलं, "मग, जिंकला कोणता कॅमेरा?"

"मोठ्या सेन्सरवाला, माझा. अंधारातही चित्र स्वच्छ येतं, आणि मागचं सगळं विरघळून चेहरा तेवढा उरतो. फोटोही लांबट. हिच्या बाबांच्या कॅमेऱ्याचा फोटो आखूड, आणि त्यात सगळंच दिसतं, जवळचंही आणि लांबचंही." काका थांबले. "पण तो कुठला ऐकतोय! कॅमेरा हरला तरी फोटो त्यातलाच माझा, म्हणाला. जे आहे ते सगळं आलंय म्हणे त्यात."

"तुमचा फोटो स्पर्धेत दिसला नाही."

"या वर्षी दिलाच नाही," काका म्हणाले, आणि नीट लावलेल्या बाटल्या पुन्हा नीट लावू लागले.

रस्त्यावर येताच मास्तर म्हणाले, "कळलं! यांना प्रदर्शनात स्वतःचा फोटो हवा होता. जांभईचा का होईना."

"अहो, आज तुम्ही निम्मे बरोबर आहात," भिंगताई म्हणाल्या, आणि मास्तर घरी पोहोचेपर्यंत खूश होते.

*

बक्षिसं जाहीर व्हायच्या आधी भिंगताईंनी चौघांना त्या चौकटीसमोर बोलावलं. दादा घड्याळ बघत होता, चौकटवाला बदकांकडे. काकांचे दोन्ही हात खिशात होते.

"आधी कोणी, ते सांगते," भिंगताई म्हणाल्या. "ज्याने फोटो बदलला त्याने तो कापला नाही, दोन्हीकडे पट्ट्या दिसल्या तरी. बक्षीस हुकवायचं असतं, तर चौकट इतकी जपून पुन्हा बंद केली नसती. या माणसाला बाबांचा कापाकापीचा राग ठाऊक होता, आणि तो त्याने ते गेल्यावरही पाळला. चौकटवाल्याकडे खिळे आहेत. मागे मात्र जखमेवर लावायची पट्टी आहे." त्यांनी पिशवीतून विकत घेतलेली पट्टी काढून चौकटीच्या मागच्या पट्टीशेजारी धरली.

"काका, तुम्ही?" धाकटीचा आवाज चढला. "बाबांचा इतका सुंदर फोटो तुम्ही काढून टाकलात?"

काकांनी खिशातले हात आणखी खोल घातले.

"तो बाबांचा नव्हता," भिंगताई म्हणाल्या. "आता का, ते ऐक. तुझ्या बाबांचा नियम तूच मला सांगितलास. एकाने काढायचा, दुसऱ्याने मागे उभं राहायचं. त्या सुंदर फोटोत मागे काय आहे?"

"टपालपेटी," मास्तर म्हणाले. मग त्यांचंच त्यांना पटेना. "नाही का?"

"रविवारी लाल कोण होतं अंगणात?"

धाकटीने तोंडावर हात ठेवला. "स्वेटर."

"मोठ्या सेन्सरने मागचं विरघळवलं, आणि स्वेटरातल्या माणसाचा नुसता डाग उरला. तुझे बाबा फाटकापाशी होते, मग फुलीवर कोण? काका. सगळ्यात झकास म्हणजे बाबांचाच, असं दादाने धरलं. मुलाने ते धरावंच. पण फोटो काकांचा होता."

दादा काकांकडे बघत राहिला. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" काका म्हणाले. "लोक येऊन त्याच्या नावापुढे हात जोडत होते. तिथे उभं राहून म्हणू, की अहो, हा माझा? आणि गप्प बसलो असतो, तर तो वरून ओरडला असता, की लेका, तुझा माल माझ्या नावावर खपवतोस? आयुष्यभर त्याने माझी एक गोळी फुकट घेतली नाही. म्हणून त्याचाच लावला, त्याला आवडला होता तो."

"ज्यात काका जांभई देत मागे उभे आहेत," भिंगताई म्हणाल्या. "म्हणजे फुलीवर बाबा होते, आणि हातात त्यांचा छोटा कॅमेरा. मान फिरवलेला फोटो लांबट आहे आणि त्यात मागे निळा डाग आहे, तो बाबांनी काकांच्या कॅमेऱ्याने काढलेला. आज सकाळी क्लबात पाहून आले." त्या धाकटीकडे वळल्या. "बाबांनी तुला शेवटचं कसं पाहिलं, ते तुला हवं होतं ना? ते कोणी चोरलेलं नाही. समोर आहे. त्यांनी तुला एकटीला नाही पाहिलं. कपडे, बादली, आईचा हात, हा जांभईवाला दोस्त, सगळ्यांसकट पाहिलं."

धाकटी चौकटीच्या अगदी जवळ गेली. इतके दिवस तिला ज्याचा राग आला होता, तो फोटो ती आता एकेक वस्तू करून बघत होती. दोरीवर तिचीच ओढणी होती. तिला ते दिसलंच नव्हतं.

"झालं तर मग," चौकटवाला म्हणाला. "आता मी बदकांकडे जाऊ?"

"थांबा," भिंगताई म्हणाल्या. "दोन माणसं आणि दोन कॅमेरे म्हणजे फोटो किती?"

"चार," मास्तर म्हणाले, आणि अचानक ताठ झाले. "अगं, पण ते तर तीनच होते!"

"चौथा काकांनी काढलेला, छोट्या कॅमेऱ्याने. म्हणजे मागे पुन्हा लाल स्वेटर. पण छोट्या सेन्सरमध्ये मागचं विरघळत नाही. काका, तो कॉम्प्युटरवर का नाही, ते मला कळलंय. बाबांचा फोटो दाखवू नका, असं तिने सांगून ठेवलं होतं म्हणून. पण तो बाळगून काय करताय?"

काकांनी खिशातून हात काढला. हातात पाकीट होतं. "रोज दुकानात घेऊन जातो आणि रोज परत आणतो," ते म्हणाले. "देऊ का, बाळा? नको असेल तर नको."

दादा पुढे झाला आणि बहिणीच्या शेजारी उभा राहिला. धाकटीने हात पुढे केला.

फोटो आखूड होता आणि फिकट. सावलीत बारीक दाणे दिसत होते. कोणत्याही स्पर्धेत तो सगळ्यांत आधी बाद झाला असता. पुढे ती खुर्चीत, हसू धरून बसलेली. मागे फाटकापाशी बाबा. सरळ उभं राहून समोर बघायचं, हा नियम त्यांचाच होता, आणि तो त्यांनी स्वतःच मोडला होता. ते कॅमेऱ्याकडे बघतच नव्हते. तिच्या पाठमोऱ्या डोक्याकडे बघत होते आणि हसत होते. चष्मा नाकावर घसरला होता, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यासुद्धा मोजता आल्या असत्या. असं कोणी आपल्याला मागून बघत असेल, हे पुढे बसलेल्या माणसाला कधी कळत नाही.

मास्तरांनी रुमाल शोधला, तो मिळाला नाही, म्हणून भिंगताईंच्या पदराकडे पाहिलं, आणि त्यांनी तो मुकाट्याने पुढे केला.

धाकटीने अंगठ्याने फोटोची कड पुसली. मग हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, वर्गात बोलते तसं स्वच्छ, ती म्हणाली,

"बाबा, मी दर वेळी कुरकुर केली. पण तुमच्यासमोर असं बसायला मला फार आवडायचं."