कडेची सवाष्ण

सुनेला दिवस राहू देत, श्रावणातल्या शुक्रवारी पाच सवाष्णी जेवू घालीन, असं मी रूपाभवानीसमोर बोलले होते. देवीनं ऐकलं. अपेक्षाला सातवा लागला, श्रावण आला आणि मी पुरण शिजत घातलं.

ऐन पानं मांडल्यावर एकीचा फोन... घरात सुतक पडलं. आता पाट रिकामा कसा ठेवायचा?

सकाळीच अपेक्षा मला फोनवर जुने फोटो दाखवत होती. इथल्या एका वाचनालयानं जुन्या सोलापूरचे फोटो सगळ्यांना बघायला ऑनलाइन ठेवलेत. ओळखीचं कुणी दिसलं तर खाली नाव लिहायचं. एका फोटोत बायकांची पंगत होती. सगळ्यांची नावं लोकांनी लिहिली होती, कडेच्या एकीचंच नव्हतं. तिच्यापुढं पानही नव्हतं. मला कणव आली होती.

तोच फोटो उघडून मी फोन पाटावर टेकवला. काचेवरच तिच्या कपाळाला कुंकू लावलं. "या बाई, जेवायला या."

शेजारची दानम्मा हसली. "अय्यो अक्का, आता सवाष्ण पण ऑनलाइन? आणि ही सवाष्ण हाय कशावरून? कपाळ तर मोकळंच दिसतंय की."

"जुन्या फोटोत कुंकू कुठं उठतंय? तू जेव गप."

जेवणं झाली. चौघींच्या ओट्या भरल्या. फोन मात्र माझ्या मुलानं, कुमारनं, पुसून खिशात टाकला. ओटी भरल्याशिवाय सवाष्णीला उठवत नाहीत, हे मला त्या गडबडीत सुचलंच नाही. त्या पाटापुढचं पान गायीला घालायला उचललं, तर चाटून पुसून लख्ख. मांजर आलं असेल, म्हटलं.

दुपार कलली तशी अपेक्षानं तो फोटो परत काढला. "आई, हिच्या कपाळावर आधी काही नव्हतं ना?"

आता होतं. काळा, जरासा ओघळलेला ठिपका. माझ्या बोटाएवढा.

"चेष्टा करतोस का रे?" मी कुमारला दटावलं.

"आई, फोटो वाचनालयाचा आहे. मला बदलता येतोय होय?"

मला खरं वाटेना. दानम्माला तिच्या फोनवर उघडायला लावला. तिथंही कुंकू. पुढ्यात पान, जेवून रिकामं झालेलं. आणि नजर... फोन कसाही धरा, ती बाई अपेक्षा बसली होती तिकडंच बघायची.

दानम्माचं हसू मावळलं. "अक्का... ओटी भर तिची. लवकर."

मी पाट मांडला, फोन ठेवला, खण, तांदूळ, नारळ वाहिला. नारळ गडगडत खाली आला. परत ठेवला. परत आला.

"आई..." अपेक्षानं पोटावर हात धरला. "ती पदर पसरून बसलीय..."

दुसऱ्याच दिवशी अपेक्षाला माहेरी, मैंदर्गीला पाठवलं. ती बरी आहे. पण आता फोटो उघडला की त्या बाईचं तोंड अक्कलकोट रस्त्याकडं, मैंदर्गीच्या वाटेकडं असतं.

देवी पाठीशी आहे, सगळं नीट होईल. तुमच्याकडं एवढंच मागणं : तुम्हीही या शुक्रवारी सवाष्णी घाला. तो फोटो कुणालाही उघडतो. कडेच्या बाईला कुंकू लावा, आपल्या घरी जेवायला बोलवा, अपेक्षा मोकळी होईपर्यंत ठेवून घ्या. तुमच्या घरात कुणी पोटुशी नसेल, तर भ्यायचं काही कारण नाही...

मला तरी तसं वाटतं.