गाणारा मधोमध

शाहूपुरीतल्या प्लायवूडच्या दुकानात संयोगिता शिरली, तेव्हा एक तरुण भिंतीला टेकवलेल्या शीटवर टकटक करत होता आणि दर टकटकीनंतर कान लावून ऐकत होता. बाहेर परतीचा पाऊस रिपरिपत होता. तिनं ओढणीनं कपाळ पुसलं, जरा वेळ तमाशा बघितला, आणि मग तिला राहवलंच नाही.

"ओ पावणं, आतनं कोण दार उघडंल म्हणून थांबलाय व्हय?"

तो दचकून वळला. त्याच्या कानाला भुसा चिकटला होता.

"फट बघतोय," तो म्हणाला. "प्लायच्या थरात कुठं पोकळी राहिली असली की तिथं आवाज बद्द येतोय."

"मग मालकाला सांगा की, चांगला माल दाखव म्हणून."

"मालकाचाच पोरगा हाय मी."

संयोगितानं जीभ चावली, पण माघार घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. "मग बरंच झालं. अठरा एमएमची चार शीटं द्या. बिनफटीची."

"कशाला पाहिजेत?"

"डॉल्बीच्या खोक्यांना. गणपतीत फुटून आलीत."

डॉल्बी म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा झाला. मिरवणुकीत ट्रॅक्टरवर स्पीकरची जी भिंत असते, तिला कोल्हापुरात सगळे डॉल्बीच म्हणतात. संयोगिताच्या वडिलांचा, बाळासोंचा, कळंब्यात तोच धंदा होता. नाव रणधुमाळी साऊंड. त्यातली फुटकी खोकी सांधायची, फाटलेले कागदी कोन बदलायचे, जळलेल्या कॉइल बसवायच्या, हे सगळं काम संयोगिता करायची आणि त्याचा तिला अभिमान होता.

"त्यात गाणं कुठं असतंय," तो म्हणाला. "नुसता छातीत धक्का."

"आणि तुमच्यात काय असतंय?"

"माझ्यात..." तो अडखळला. "वर येता का? ऐकवतो."

अनोळखी पोरीला आपण माळ्यावर बोलावतोय, हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. भुसा लागलेला कान लालभडक झाला. "म्हणजे — आण्णा बसलेत खाली गल्ल्यावर. जिन्याचं दार उघडंच असतंय."

"घाबरू नका, प्लायवूड. खात न्हाय मी तुम्हाला," असं म्हणून ती त्याच्या आधीच जिना चढली.

त्याचं नाव केतन. गल्ल्यावर बसलेले आण्णा म्हणजे त्याचे वडील वर्धमानशेठ. इंजिनियर झालेला हा मुलगा दिवसभर दुकानात शीटं मोजायचा आणि उरलेल्या वेळात माळ्यावर घरगुती स्पीकर बनवायचा. रस्त्याचा गोंगाट नको म्हणून खिडकीवर दोन जाड गोधड्या ठोकल्या होत्या. भिंतीवर गोंदाच्या कंपनीनं दिवाळीला दिलेलं घड्याळ. मधे एक खुर्ची, समोर एक गुळगुळीत खोकं आणि त्यात मोजून एकच स्पीकर. त्यानं एक तंबोरा लावला. संयोगिता खुर्चीच्या काठावर बसून ऐकत राहिली. आवाज मोठा नव्हता, पण तार कुठं छेडली आणि कुठं थरथरत थांबली, ते सगळं कळत होतं. असं तिनं कधी ऐकलं नव्हतं. तरी कौतुक करायच्या आधी तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"कॉइल घासतीया."

"मला बी तीच शंका हाय," केतन म्हणाला. "पण उचकटायचं धाडस होत न्हाय. परदेशातनं मागवलाय."

"आणा हिकडं. मी बसवून देतो."

कोल्हापूरच्या पोरी मी येतो, मी करतो असंच म्हणतात. तिनं ते इतक्या सहज म्हटलं, की केतननं खरोखरच स्पीकर काढून तिच्या हातात ठेवला. तिनं तो ओढणीत गुंडाळून पावसातून कळंब्याला नेला.

तो स्पीकर दुरुस्त करून ती परत आली, आणि मग येतच राहिली. कधी शीटांची तक्रार, कधी भुशाचं पोतं पाहिजे, कधी सहज. दुसरं खोकं आकार घेऊ लागलं. "तुम्ही"चं "तू" कधी झालं, ते दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. तो तिला डॉल्बी म्हणायचा, ती त्याला प्लायवूड.

एकदा केतन खोक्याची चाचणी घेत होता. लॅपटॉपमधून एकच सूर सोडायचा, ऊंऊं करत खालून वर चढत जाणारा, आणि खोक्यात काही कुरकुरतंय का ते ऐकायचं. सूर एका ठिकाणी आला, की खर्रर्र असा बारीक आवाज यायचा. केतननं स्क्रू आवळले. गोंदाचा डबा बाहेर ठेवला. चहाचे कप हलवले. तरी खर्रर्र होतंच. शेवटी तो डोळे मिटून, कान पुढं करून आवाजाच्या मागावर निघाला, आणि निघाला तो थेट संयोगिताच्या मनगटापाशी येऊन थांबला.

"तुझ्या बांगड्या," तो डोळे उघडून म्हणाला.

"मग काय, फोडू?"

"नको... नुसत्या धरतो."

त्यानं तिच्या बांगड्यांवर तळहात ठेवला. खर्रर्र बंद झालं. सूर सावकाश चढत चढत पार वर गेला, इतका बारीक झाला की ऐकू येईना, आणि मग संपला. हात तिथंच होता.

"संपलं की," संयोगिता म्हणाली.

"व्हय काय?" केतन म्हणाला, आणि स्क्रूड्रायव्हर शोधू लागला. तो त्याच्या खिशातच होता.

एवढं झालं, पण बोलणं काही झालं नाही. आणि मग पुण्याचं पत्र आलं. मोठ्या कंपनीत नोकरी, बुधवारी हजर व्हायचं. वर्धमानशेठ खूश झाले, आणि पोराचं उतरलेलं तोंड बघून थोडे विरघळलेही.

"रविवारी मी ऐकतो तुझी खोकी," ते म्हणाले. "पहिल्या रांगेत बसून नाट्यसंगीत ऐकलेला माणूस हाय मी. डोळे मिटल्यावर गाणारा माझ्यासमोर मधोमध उभा राहिला पाहिजे. राहिला, तर माळा तुझा. हितंच कारखाना काढ. न्हाय राहिला, तर बुधवारी पुणं."

केतननं जाऊ नये, एवढंच संयोगिताला कळत होतं. त्याला ते सांगावं कसं, हे मात्र कळत नव्हतं. स्पीकरच्या कॉइलबद्दल तास तास बोलणारी पोरगी, पण ह्या बाबतीत तिची जीभ टाळ्याला चिकटायची. मग तिनं तोंडापेक्षा हात चालवायचे ठरवले. दुसऱ्या खोक्याचा स्पीकर ती घरी बसवून आणणार होती. खोक्याच्या पाठीवरच्या तांबड्या-काळ्या खुंट्यांना केतननं आतून दोन पदरांची वायर जोडून दिली होती; ओळखायला एका पदरावर पट्टा ओढलेला. तिनं फक्त दुसरं टोक स्पीकरला जोडायचं होतं. तिनं ते देवाचं काम करावं तसं केलं.

रविवारी दुपारी बाळासोंनी ते खोकं टेम्पोतून आणून दिलं. "रडतंय व्हय गं हे बारकं?" असं खोक्याकडं बघत लेकीला विचारलं आणि हसत निघून गेले. केतननं दोन्ही खोकी एकेक करून वाजवून बघितली. एकेकटं उत्तम वाजत होतं. एवढ्यात वर्धमानशेठ जिना चढून आलेच.

"सहाच्या आत मला जेवायचंय," घड्याळाकडं बघत ते म्हणाले. दिवस मावळल्यावर त्यांच्या पोटात अन्नाचा कण जात नसे, आणि हा नेम त्यांनी लग्नापासून एकदाही मोडला नव्हता. "लाव."

केतननं त्यांच्या आवडीचं नाट्यगीत लावलं. वर्धमानशेठनी डोळे मिटले. संयोगितानं श्वास धरला. तबला आला, ऑर्गन आला, पण आवाजात जीवच नव्हता. सगळं पातळ, पसरलेलं. गाणारा कधी भिंतीकडून, कधी पाठीमागून येतोय असं वाटत होतं.

"गाणारा कुठाय?" वर्धमानशेठ डोळे न उघडता म्हणाले. "जत्रेत हरवल्यागत झालंय की रे."

खालून गिऱ्हाइकानं हाक मारली. "आलो," म्हणून ते उठले. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "पुणं वाईट न्हाय, केतन." आणि खाली गेले.

ते त्यांचं मायेनं बोलणं संयोगिताला जास्तच लागलं.

"एक सेल दे," ती म्हणाली.

"सेल कुठला आता?"

तिनं खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ काढलं, त्यातला सेल घेतला आणि घड्याळ परत खिळ्याला अडकवलं. मग दोन्ही खोक्यांच्या पाठीच्या वायरी सोडवून तिनं केतनच्या खोक्याला सेल लावला. स्पीकरचा कोन टुक् करून बाहेर आला. तिच्या खोक्याला लावला. कोन टुक् करून आत गेला.

"उलटं जोडलंयस!" केतन ओरडला. "एक ढकलतोय तवा दुसरा ओढतोय. गाणारा उभा राहणार कुठं? वायरीचा पट्टा कशाला जोडलास?"

"प्लसला! आमच्यात पट्टा प्लस असतोय."

"आमच्यात पट्टा मायनस असतोय! सगळ्या जगात मायनस असतोय!"

"आमच्या बाबांनी आख्खा जिल्हा वाजवलाय पट्टा प्लस धरून!"

"मग विचारायचं होतंस की!"

"तू सांगायचं होतंस की! अर्धी वायर तूच जोडलीस!"

चूक बारकीच होती. कुठल्याही एका खोक्याच्या पाठीवरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की काम झालं असतं. पण कुणाच्या, यावर दोघं अडून बसले. माझं बरोबर हाय, तू बदल. मी कशाला, तू बदल. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, आणि दोघं आपापल्या खोक्यामागं वायरी जोडायला उकिडवे बसले.

खोक्याआड बसल्यावर संयोगिताच्या मनात आलं, माझं बरोबर असून मला काय करायचंय, हा पुण्याला गेला तर? तिनं मुकाट्यानं वायरी उलट्या जोडल्या.

"गेलं गिऱ्हाईक. लाव परत एकदा," म्हणत वर्धमानशेठ खुर्चीत बसले. गाणं लागलं. आणि गाणारा — पुन्हा गायब!

संयोगितानं केतनकडं बघितलं. केतननं तिच्याकडं.

"तू बदललास?" तिनं विचारलं.

"व्हय... तू बी?"

"मी बी."

दोघांनीही बदलल्यावर मामला पुन्हा होता तिथंच आला होता. वर्धमानशेठ एका डोळ्यानं दोघांकडं बघत होते. "मगाशी जिन्यात भांडणाचा आवाज येत हुता," ते म्हणाले. "आता काय झालं?"

"तू हात लावू नको," केतन संयोगिताला म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला होता. "तुझं होतं तसं कर. माझंच उलटं राहू दे."

तिनं आपल्या वायरी परत पहिल्यासारख्या केल्या. केतननं गाणं पहिल्यापासून लावलं.

आणि गाणारा आला. दोन खोक्यांच्या बरोबर मधे, जिथं नुसती भिंत होती तिथं, माणूस उभा राहून गातोय असं वाटलं. त्यानं श्वास घेतलेला कळला. संयोगिताच्या अंगावर काटा आला. वर्धमानशेठचे हात खुर्चीच्या दांड्यावरून आपोआप उचलले गेले आणि ताल धरू लागले. गाणं संपलं. "पुढचं," ते म्हणाले. मग पुन्हा, "पुढचं." मधून डोळा उघडून घड्याळ बघायचे, अजून वेळ आहे म्हणून निवांत मिटायचे.

बऱ्याच वेळानं ते उठले, खिडकीवरची गोधडी जराशी सारली आणि तिथंच थबकले. खाली रस्त्यावर दिवे लागले होते.

"घड्याळात तर सव्वापाच झालेत," ते म्हणाले.

खोटं बोलणं संयोगिताला जमत नव्हतं. तिनं खोक्यामागं हात घातला, मग मूठ पुढं केली आणि उघडली. तळहातावर सेल होता.

"मी काढला, काका. परत घालायचा राहिला." तिचे डोळे भरून आले. "तुमचं जेवण चुकलं माझ्यामुळं."

वर्धमानशेठनी सेलकडं बघितलं, थांबलेल्या घड्याळाकडं बघितलं, मग पोराकडं. पोरगा उभा होता तो संयोगिताच्या बाजूला, तिच्या खांद्याला खांदा लावून, जणू मार खायचा तर दोघांनी मिळून.

"आता उद्या सकाळपतूर पाणी बी न्हाय," ते म्हणाले. मग हळूहळू त्यांच्या मिशीखाली हसू पसरलं. "उपास घडला म्हणायचं. गाणारा उभा राहिला की नव्हं? मग झालं तर. केतन, पुण्याला कळव, येत न्हाय म्हणून. आणि हिला घरी सोडून ये. पाऊस हाय."

जिना उतरताना ते पुन्हा वळले. "आणि पोरी, परत येशील तवा दिवसाउजेडी ये. जेवूनच जायचं."

कळंब्याच्या तळ्यापाशी केतननं गाडी थांबवली. पाऊस भुरभुरत होता, तळ्यावरून गार वारा येत होता. तो बराच वेळ हँडलच्या रबराशी खेळत राहिला.

"डॉल्बी..."

"काय?"

"मी पुण्याला जात न्हाय ते फक्त स्पीकरसाठी, असं नको समजू."

"मग कशासाठी?" तिनं विचारलं. तिला माहीत होतं, पण ऐकायचं होतं.

"तुझ्यासाठी. तू मला आवडतीस. त्या बांगड्यांच्या दिवसापासनं सांगायचं म्हणतोय, आणि दर वेळी कॉइलचंच काय तरी बोलतोय."

संयोगिताला हसू आलं आणि रडूही. "मला बी तू आवडतोस, प्लायवूड. आज पट्टा बदलला तो काय उगाच?"

"पण एक सांगतो. तुमच्यात पट्टा प्लस, आमच्यात मायनस. तुमच्या घरात मटण, आमच्या घरात कांदा बी चालत न्हाय. लई ठिकाणी अडणार."

"अडलं तर मी बदलतो."

"न्हाय, मी बदलतो."

"दोघं एकदम नको!" ती घाईनं म्हणाली. "न्हायतर परत गाणारा गायब. आधी बोलायचं, कोण बदलणार ते. मग हात लावायचा."

"ठरलं," केतन म्हणाला, आणि तिचा हात हातात घेतला. हाताला काहीतरी टणक लागलं. तिची मूठ अजून बंद होती.

"अगं, आण्णांच्या घड्याळाचा सेल!"

"राहू दे माझ्याकडं," संयोगिता म्हणाली. "उद्या आणून घालतो. दिवसाउजेडी."