देशाचा पाळणा

वारंगा फाट्यावर आमचं ट्रकच्या बॅटऱ्यांचं दुकान आहे, मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. गेल्या हिवाळ्यात मुंबईची माणसं पाळणागीतं गोळा करत आली, तेव्हा माझा आयुष पाळण्यात होता. झोप येताना तो ओठ चोखायचा. मी माझ्या आईनं रचलेलं गाणं म्हणत होते. नावाच्या जागी नुसतं 'बाळ' म्हणा, असं त्यांनी सुचवलं. पण आमच्यात लेकराचं नाव घेतल्याशिवाय पाळणा म्हणत नाहीत. मी नाव घेतलं. ते तसंच रेकॉर्ड करून घेऊन गेले.

उन्हाळ्यात आशियाच्या गीतस्पर्धेत भारताकडून तेच गाणं गेलं. टीव्हीवर खाली अक्षरं आली : पारंपरिक. आईचं नाव नाही, माझं नाही, गावाचंही नाही. गाणारी मुलगी छान गात होती, खोटं कशाला बोलू. स्टेजच्या मधोमध चंदेरी पाळणा होता. त्याला झोके देत ती "आयुष, आयुष" म्हणत होती. आत कुणीच नव्हतं.

माझ्या सासूबाईंनी, मी त्यांना आत्याबाई म्हणते, उठून टीव्ही बंद केला. "रिकामा पाळणा हलवून राहिली ती. वरून आपल्या लेकराचं नाव घेऊन. तिला घरचं कोणी न्हाई का सांगायला?"

मी बी.एस्सी. झालेली. हसले.

दुसऱ्या दिवशी आयुषला हाक मारली, त्यानं वळून पाहिलं नाही.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी मागून खुळखुळा वाजवला, त्यानं लगेच मान वळवली. कान चांगले आहेत म्हणाले. तेही बराबर होतं. भांडं पडलं की तो दचकायचा, बापाच्या चपलांचा आवाज ओळखायचा. फक्त नावाला ओ देत नव्हता. मात्र फाट्यावर उभ्या एखाद्या ट्रकात ते गाणं लागलं, की हातातली वाटी टाकून रस्त्याकडे रांगत निघायचा. शेवटी माझ्या नवऱ्यानं, रविंद्रनं, दाराला आडवी फळी ठोकली.

मी मुंबईच्या त्या माणसांपैकी एकाला फोन केला. आमची नावं नकोत, म्हटलं, पण लेकराचं तेवढं काढा. नाहीतर पाळण्यात निदान एखादी बाहुली तरी ठेवा.

तो फार नम्रपणे बोलला. "ताई, लोकगीत सगळ्यांचंच असतं. आणि त्या नावावर तर अख्खा देश डोलतोय."

फायनलला शेजारच्या बाया आमच्याकडे जमल्या. संध्या म्हणाली, "ज्योती, तुझं पोरगं देशाचं झालं. आता रेशनकार्डावरून नाव काढ त्याचं." सगळ्या हसल्या. आत्याबाई बाहेर ओट्यावरच बसून राहिल्या.

आयुष माझ्या मांडीवर होता, पडद्याकडे एकटक बघत.

परदेशातलं ते भरलेलं सभागृह त्याचं नाव घेऊ लागलं. उच्चार जमत नव्हता, तरी घेत होतं.

पाळणा जड झाला. आधी मला भास वाटला. मग गाणारीला दुसरा हातही लावावा लागला. तिनं आत वाकून पाहिलं आणि एक ओळ तिच्या तोंडून निघालीच नाही.

पाळण्यातून रडणं ऐकू आलं.

मशीननं काय हुबेहूब आवाज काढलाय, बाया म्हणाल्या. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

माझ्या छातीत कळ आली, पान्हा फुटला.

घाईनं मी आयुषला पदराखाली घेतलं. त्यानं ओठ घट्ट मिटले आणि पाहुण्या बाईकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

टीव्हीतलं रडणं थांबेपर्यंत माझं दूध वाहत राहिलं.